तुंगार डाव्या हाताला

बाबांच्या स्टुडिओत एकाच गुन्ह्याला माफी नव्हती: निगेटिव्ह उलटी लावून प्रिंट काढणं. बाकी काहीही चालायचं. प्रिंट काळी पडली, पुन्हा काढ. कागद वाया गेला, जाऊ दे. पण निगेटिव्ह उलटी लागली की नवरीचा पदर उजव्या खांद्यावर जायचा, नवऱ्याच्या शर्टाचा खिसा भलत्याच बाजूला यायचा आणि बाबा अख्ख्या पापडी गावाला ऐकू जाईल असे ओरडायचे. "आरशात माणूस स्वतःला बघतो. फोटोत त्याला लोक बघतात. लोकांना दिसतो तसाच दिसला पाहिजे तो!" शाळेच्या सुट्टीत मी डार्करूममध्ये त्यांच्या हाताखाली असायचे, तेव्हा एकदा हे ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकायची हिंमत झाली नाही.

स्टुडिओ पापडीला, पण घर आमचं निर्मळला, तलावापासून हाकेच्या अंतरावर. मागे केळीची वाडी, पुढच्या अंगणात आईचा मोगरा. घरात आम्ही आमची बोली बोलतो. इथे मी सगळ्यांना कळेल असं लिहितेय, त्यामुळे बाबांच्या बोलण्याची चव थोडी कमी लागेल. त्याला इलाज नाही.

आमचा तलाव परशुरामाच्या गोष्टीतला, आणि पूर्वेला दिसणारा तुंगार डोंगरही त्याच गोष्टीतला. देवाने तिथे तप केलं आणि इथे राक्षसाला मारलं, असं सांगतात. प्रत्येक घरात गोष्ट थोडी वेगळी, पण डोंगर आणि तलाव सगळ्यांच्या गोष्टीत असतातच. त्या डोंगराचा फोटो काढायचं खूळ बाबांच्या डोक्यात शिरलं ते नव्वद साल उलटल्यावर, एका आश्विनात. रोज संध्याकाळी दुकान लवकर बंद करायचे, स्कूटरवरून तलावाच्या काठी जायचे, कॅमेरा स्टँडवर चढवून बसायचे आणि अंधार पडल्यावर हात हलवत परत यायचे.

"डोंगर काय पळून चाललाय?" आई चिडायची.

"डोंगर नाही गं. उजेड पळतो."

एका संध्याकाळी मात्र शीळ घालत आले. न जेवता डार्करूममध्ये गेले आणि बाहेर आले तेव्हा हातात ओली प्रिंट होती. काळापांढरा फोटो. डाव्या हाताला तुंगार, त्याची सोंड हळूहळू खाली उतरत मध्यापर्यंत आलेली, आणि उजवा अर्धा भाग नुसतं आभाळ आणि पाणी. शेजारचे म्हणाले, डोंगर मधोमध का नाही घेतला? बाबांचा पारा चढला. "मधोमध घेतला की फोटो काढून घ्यायला बसल्यासारखा दिसतो. बाजूला घेतला की कसा, तिथे राहतोय असं वाटतं."

तो फोटो पुढे गावात कुठे कुठे लागला. दवाखान्यात होता, केशकर्तनालयात होता, शाळेच्या ऑफिसात होता. लग्नात भेट म्हणून द्यायला लोक तो मढवून न्यायचे. आमच्या ओटीवरही होता, दाराच्या वर. इतकी वर्षं बघून बघून आम्ही त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं.

मग दोन हजार साल आलं आणि गेलं. मी विरारला क्लास लावून कॉम्प्युटरवर फोटोचं काम शिकले, स्टुडिओत कॉम्प्युटर आणला. बाबांनी त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं, चहा विचारला नाही एवढंच. प्रिंट काढायच्या जुन्या एन्लार्जरवर स्वतःच्या हाताने चादर घातली आणि म्हणाले, "तुझं चालू दे."

त्याच्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा वाडीत पाणी सोडता सोडता पडले. मेंदूला झटका. इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, "डावी बाजू कमकुवत राहील. डाव्या बाजूकडे त्यांचं लक्ष कमी राहील, तुम्ही लक्ष द्या." आम्ही मान डोलावली. आमच्या लेखी डावी बाजू म्हणजे डावा हात आणि डावा पाय. त्यांच्याकडे आम्ही जिवापाड लक्ष दिलं. आई पाय शेकायची. मी हाताला तेल चोळायचे. व्यायाम घ्यायला एक ताई यायची. पावसाळा सरता सरता बाबा काठी घेऊन, आईचा खांदा धरून ओटीपर्यंत यायला लागले.

पण माणूस बदलला होता. बोलणं थोडं जड झालेलं, ते ठीक. कशाचं काही वाटेनासं झालं होतं त्यांना. ओटीवर बसायचे ते मान उजवीकडे वळवून, माजघराच्या दाराकडे बघत. अंगण डावीकडे, रस्ता डावीकडे. तिकडून कुणी हाक मारली तर उत्तर नाही. समाचाराला आलेली माणसं ओशाळून उठायची. माझी जागाही त्यांच्या डाव्या अंगाला. तो लुळा हात मांडीवर घेऊन मी तासभर चोळायचे, दुकानातलं सगळं सांगायचे, आणि ते एकदाही माझ्याकडे बघायचे नाहीत. मला वाटायचं, राग आहे. माझ्यावर, माझ्या कॉम्प्युटरवर, चादर घातलेल्या एन्लार्जरवर. एकदा मी म्हटलंही, "बाबा, शिव्या द्या, पण बोला." ते दाराकडे बघत राहिले.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, विरारला फ्लॅट घेऊन राहायचा, मुंबईला नोकरी. रविवारी यायचा. वाईट नाही हो तो, पण त्याला सगळ्या गोष्टी लवकर आवरायची घाई. गणपती झाले आणि त्याने विषय काढला.

"दिवाळीनंतर दुकानाची जागा सोडून देऊया. तू एकटी किती ओढशील? आणि बाबांचं आता काही खरं नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बाबांचं खरं-खोटं ठरवणारा तू कोण?"

"हळू बोला," आई म्हणाली. "ऐकतायत ते."

बाबा ऐकत होते की नाही, देव जाणे. पण त्याच आठवड्यात तलावाजवळच्या नव्या सभागृहाची मंडळी स्टुडिओत आली. भिंतभर फोटो पाहिजे, म्हणाले, तोच, बाबांचा तुंगार. फक्त एक करा, रंगीत करून द्या. नवीन हॉल आहे, काळापांढरा नको वाटतो.

मी तिथल्या तिथे हो म्हटलं, आणि दादाला फोन लावला. "दिवाळीच्या आत बाबा हा फोटो करून देणार. हात माझे, पण फोटो तेच करणार. झाला तर दुकान राहील."

"आणि नाही झाला तर?"

"तर तू म्हणशील तसं."

मी हे हवेत बोलले नव्हते. काळ्यापांढऱ्या फोटोत हाताने रंग भरायचं काम बाबांनी तरुणपणी भरपूर केलेलं. कापसाच्या बोळ्याने गालाला लाली, शालूला जर. आणि त्या संध्याकाळी तुंगारचा रंग काय होता, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. मी काय, हिरवा फासला असता. डोंगर म्हटलं की हिरवा.

मुंबईच्या लॅबमधून निगेटिव्ह स्कॅन करून आणली. बघते तर तिला बुरशी लागलेली, आभाळात पांढऱ्या जाळ्या, पाण्यात एक लांब ओरखडा. सगळं माऊसने टिपून टिपून साफ केलं. मग मोठी प्रिंट काढून घरी आणली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, रंग सांगा. तुंगारला कुठला रंग घालू?"

बाबांनी बराच वेळ बघितलं. "तुंगार कुठाय?"

मला वाटलं थट्टा करतायत. इतक्या महिन्यांत पहिली थट्टा! मी हसले. "काय बाबा! हा काय."

"आभाळ आहे," ते म्हणाले. "पाणी आहे. तुंगार नाही."

माझं हसू तोंडातच राहिलं. मी परत गेले, डोंगर गडद केला, आभाळ फिकं केलं, आणखी मोठी प्रिंट काढली. तेच. "आभाळ चांगलं आलंय." रविवारी दादासमोर तिसरी प्रिंट दाखवली. आता दादानेच प्रिंट धरली आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "बाबा, नीट बघा हं. डोंगर दिसतो का?"

"बघतोय ना. नाही आहे डोंगर." आणि मग अगदी सहज, जसं कुणाच्या घरचं झाड गेल्याचं सांगावं: "तोडला असेल. आजकाल सगळं तोडतात."

आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं दादा आता जिंकल्यासारखा माझ्याकडे बघेल. तो अंगणात मोगऱ्यापाशी जाऊन पाठ करून उभा राहिला आणि डोळे पुसायला लागला. त्याचा मला जास्त राग आला. भांडणारा परवडला, रडणाऱ्याशी काय भांडणार?

त्याच दुपारची गोष्ट. आई बाबांचं ताट वाढत होती. आमच्याकडे आई ताटाच्या बाबतीत फार कडक. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. मधे भात. पाहुण्याने वाढायला मदत केली आणि चटणी उजवीकडे ठेवली, तर पाहुण्यासमोर काही बोलायची नाही, पण ताट आत नेऊन पुन्हा वाढून आणायची. आजारपणातही तिने ही रीत मोडली नव्हती. त्या दिवशी बाबा उठल्यावर तिने ताट उचललं आणि दादाला म्हणाली, "एवढा झटका आला तरी मन किती खंबीर बघ. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, तर तेव्हापासून चटणीला बोट लावलं नाही ह्यांनी. मी आपली बेताचं मीठ घालून करते, वाढते रोज. तशीच परत येते. ह्यांचा जीव चटणीत, पण एका शब्दाने मागत नाहीत."

लसूण-खोबऱ्याची चटणी. बाबा तिच्यासाठी भांडायचे. चटणी संपली असं कळलं तर अर्ध्या जेवणावरून उठून नारळ फोडायला बसायचे.

मी ताटाकडे बघितलं. उजवी बाजू लख्ख, आमटीची वाटीसुद्धा पुसलेली. डावी बाजू जशीच्या तशी: चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड. आणि मधला भात उजव्या अंगाने खाल्लेला, डाव्या अंगाने तसाच. शेताला बांध घालावा तशी सरळ रेघ होती भातात.

"आई, थांब. बाबांना परत बसव."

"अगं, हात धुतले त्यांनी."

"बसव म्हणते ना!"

आईने बसवलं. मी तेच उष्टं ताट बाबांच्या पुढ्यात ठेवलं आणि गर्रकन अर्धं फिरवलं. आई किंचाळलीच, "अगं, वाढलेलं ताट फिरवतेस? भान आहे का?"

बाबा ताटाकडे बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उघडला. महिनोन् महिने बंद असलेलं दार उघडावं तसा.

"अरे वा," ते म्हणाले. "आज चटणी केलीस?"

बाबांनी बोटाने चटणी उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मग आईकडे बघितलं. आवाजात एवढीशी तक्रार. "इतके दिवस दिली नाहीस. मला वाटलं, डॉक्टर नको म्हणाले असतील. म्हणून मी गप्प बसलो."

आईने आणखी चमचाभर चटणी त्यांच्यापुढे वाढली. ती म्हणत होती, हे मागत नाहीत, किती सोसतायत. हे म्हणत होते, ही देत नाही, तिला किती जड जात असेल. दोघं एकमेकांसाठी मूग गिळून बसलेले, आणि चटणी रोज वीतभर अंतरावर. मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही. दादाने दुसऱ्या दिवशीची रजा टाकली आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर म्हणाले, हो, असं होतं. डोळे चांगले आहेत. मेंदू डाव्या बाजूची दखल घेत नाही. त्यांच्यासाठी ती बाजू अंधारी नाही, ती नाहीच आहे. सावकाश सुधारू शकतं, पण त्यांना डावीकडे वळायला शिकवावं लागेल, आणि वळायचं त्यांनी स्वतः. व्यायामाच्या ताईने एक युक्ती सांगितली. जे काही पुढ्यात ठेवाल त्याच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावा, आणि सांगा, लाल दिसेपर्यंत थांबायचं नाही.

आम्ही ताटाला लाल धागा बांधला. आईने चटणी डावीकडेच ठेवली. "शोधा," ती म्हणायची, "मी काही ताट फिरवणार नाही." घरातली रीत आणि डॉक्टरांचं औषध एकाच जागी आलेलं बघून तिला भलताच जोर चढला होता. पण फोटोचं काही जमेना. ताटात चटणी होती, शोधायला कारण होतं. फोटोला पट्टी लावून दिली की बाबा मधल्या आभाळापर्यंत यायचे आणि कंटाळायचे. "बरं आहे," म्हणायचे. म्हणजे संपलं. रविवार येत होते, जात होते, आणि दिवाळीचे कंदील पापडीच्या बाजारात लटकायला लागले.

"मी एक सांगू?" दादा म्हणाला. आता तोही माझ्या बाजूने होता, पण घाई तीच. "आरशासारखा फिरव ना फोटो. कॉम्प्युटरवर होतं म्हणतात एका बटणात. डोंगर उजवीकडे येईल, त्यांना दिसेल, रंग सांगतील. काम झालं. आणि सभागृहात तसाच लावला तरी कुणाला कळतंय?"

ऐकूनच माझ्या अंगावर काटा आला. स्टुडिओत, बाबांच्या खुर्चीवर बसून, ते एक बटण! पण दुसरं मला काही सुचत नव्हतं. म्हटलं, रंग तरी कळतील. उलटा फोटो भिंतीवर काही जाणार नाही. एका दुपारी मी दात-ओठ खात तुंगार उलटा केला, प्रिंट काढली, घरी आणली आणि काही न बोलता बाबांच्या मांडीवर ठेवली. दादा शेजारी उभा होता.

बाबांनी बघितलं. ह्या वेळी नजर लगेच अडकली. डोंगरावर अडकली. कपाळावर एक आठी आली, मग दुसरी. उजव्या मुठीत प्रिंटची कड चुरगळली. मी घाबरले, पुन्हा झटका येतोय की काय!

"कुणी केलं हे?"

मी दादाकडे बघितलं.

"कुणी केलं विचारतो मी! निगेटिव्ह उलटी लावलीय!" जड जिभेने, अडखळत, पण असा आवाज निघाला की वाडीतल्या कावळ्यांनी उडून जावं. "अक्कल गहाण टाकलीय काय? हा तुंगार आहे? उजवीकडे कसा येईल तुंगार? तलावावर बसलं की तुंगार डाव्या हाताला! जन्म गेला इथे, डोंगर कुठल्या हाताला ते कळत नाही? फाड. फाड तो!"

आई पिठाच्या हातांनी धावत आली. दादाच्या तोंडाचा आ झाला होता. आणि मी? मला त्या शिव्या इतक्या गोड लागल्या म्हणून सांगू! हे माझे बाबा. कुठेही गेले नव्हते. मी ती प्रिंट त्यांच्यासमोर टराटरा फाडली आणि लाल पट्टीची सरळ प्रिंट मांडीवर ठेवली.

"तुंगार डाव्या हाताला ना?" मीही आवाज चढवला. "मग डाव्या हाताला शोधा! मी नाही दाखवणार."

बाबा रागाने फणफणत होते. त्या रागातच त्यांनी बोट ठेवलं उजव्या कडेवर आणि निघाले. पाणी. पाणी. आभाळ. मध्यावर बोट थबकलं, जिथे रोज थबकायचं. "इथे तर काही..." मग स्वतःशीच पुटपुटले, "असणार. मी काढलाय. असणारच." आणि मान वळली. इतकीशी. मग आणखी थोडी. बोट सोंडेवर चढलं, चढावरून वर वर सरकत गेलं, घामाघूम झाले बाबा, आणि शेंड्यावर थांबलं.

"हा," ते म्हणाले. "हा काय. इथेच बसलाय."

दादाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. पण बाबांचं काम संपलं नव्हतं. शेंड्यावर बोट तसंच ठेवून ते म्हणाले, "आभाळाला कॉन्ट्रास्ट जास्त केलायस. लाज नाही वाटत?"

त्या दिवसापासून ते कामाला लागले. मी रंग भरून प्रिंट आणायची, त्यांनी नाकारायची. हिरवा बघून म्हणाले, "ही काय पालेभाजी आहे?" निळा केला तर म्हणाले, "कॅलेंडर." तिसऱ्या खेपेला माझंच डोकं फिरलं. "मग तुम्हीच सांगा ना नक्की कुठला!" बाबा विचारात पडले. "सांगता येत नाही. बघायला पाहिजे. महिना कुठला चालू आहे?"

आश्विन चालू होता.

संध्याकाळी दादाने रिक्षा आणली. तलावाच्या काठी खुर्ची मांडली, पाण्याकडे तोंड करून बाबांना बसवलं. केळीचे घड लादलेली सायकल ढकलत एक ओळखीचे काका चालले होते, ते थांबले. मी बाबांच्या डाव्या बाजूला उभी. ताईने सांगितलं होतं, काही बोलायचं नाही, वळायचं त्यांनी. जीभ चावून उभी राहिले मी. मला ते किती कठीण गेलं ते मलाच माहीत. बाबा पाण्याकडे बघत होते. माड बघत होते. मधल्या आभाळात बराच वेळ राहिले. उजेड उतरत चालला होता. मग त्यांनी उजव्या हाताने लुळा डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला, आणि स्वतःहून, कुणी न सांगता, मान डावीकडे वळवली.

"पायथ्याला केळीचा हिरवा," ते म्हणाले. आम्ही कान टवकारले. "वर चढताना तो मरतो. मग वाळल्या गवताचा. मग तांबूस, पण भडक नाही, जुन्या कौलाचा. आणि शेंड्याला वांग्याच्या सालीचा, त्याच्यावर अगदी पातळ उजेड."

"अजून आहे उजेड, बाबा?" दादाने विचारलं.

"आहे. पळतोय आता."

वांग्याच्या सालीचा रंग मिळवायला मी बाजारातून वांगी आणून कॉम्प्युटरशेजारी ठेवली, हे आईला आजही हसू येण्यासारखं वाटतं. दिवाळीला चार-पाच दिवस असताना शेवटची प्रिंट तयार झाली. ती पसंत पडली की मोठी करायला टाकायची. मी घरी आणली, डाव्या कडेला नेहमीची लाल पट्टी चिकटवलेली. दादा मुद्दाम लवकर आला होता. स्टुडिओची दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची, ती त्याने आल्या आल्या माझ्या हातात ठेवली. मी ती माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली.

बाबांनी प्रिंट बघितली. उजवीकडून डावीकडे, शेंड्यापर्यंत, पट्टीपर्यंत. मग म्हणाले, "हे लाल काय आहे?"

"पट्टी, बाबा. तुमच्यासाठी."

"काप."

"राहू दे ना अजून थोडे दिवस."

"त्या संध्याकाळी लाल काही नव्हतं तिथे. काप म्हणतो ना."

आईने कात्री दिली. मी पट्टी कापली आणि प्रिंट दोन्ही हातांनी कडा धरून त्यांच्यासमोर उभी धरली, नेहमीसारखी त्यांच्या डाव्या अंगाला बसून. बाबांनी उजव्या कडेवर बोट ठेवलं. पाणी. आभाळ. मध्यावर बोट थांबलं. पट्टी नव्हती, आता कुठवर जायचं ते सांगणारं काही नव्हतं. आईचा श्वास मला ऐकू येत होता. बोट पुढे निघालं. वाळलं गवत, जुनं कौल, वांग्याची साल, शेंडा. बाबा तिथेही थांबले नाहीत. बोट कागदाच्या कडेवरून पुढे आलं आणि माझ्या अंगठ्याला लागलं. त्यांनी मान आणखी वळवली, अंगठ्यावरून मनगटाकडे, मनगटावरून वर, आणि त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"आणि ही तू," बाबा म्हणाले. "कुठे होतीस गं इतके दिवस?"